नेट कमी असेल तर आधी कॅमेरा बंद कर

ऑनलाइन वर्ग सारखा अडकतो म्हणून लगेच मोठा डेटा पॅक मारू नकोस. आधी हिशोब बघ. सेकंदाला 1 मेगाबिटने व्हिडिओ चालला तर तासाला 450 एमबी उडतात. नुसता आवाज 64 किलोबिटने आला तर जेमतेम 29. पंधरापटीहून जास्त फरक! म्हणून स्वतःचा कॅमेरा बंद ठेव, समोरून येणारा व्हिडिओही बंद करता येत असेल तर कर, आणि स्लाइड्सची पीडीएफ शिक्षकांकडून आदल्या दिवशीच मागून घे. मागायला लाजू नकोस. माझं अख्खं पहिलं सत्र लाजण्यातच गेलं.

रेकॉर्डिंग मिळत असेल तर रेंज बरी असताना 360पी वर डाउनलोड करून ठेव. 144पी वर फळ्यावरचं गणित वाचता येत नाही, तिथे कंजुषी नको. अ‍ॅपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेव, गुपचूप डेटा खाणारे हेच.

स्वाध्याय शेवटच्या तासाला अपलोड करायला बसू नकोस. मोबाइल नेटवर अपलोडचा वेग बहुतेक वेळा डाउनलोडपेक्षा कमीच असतो. परीक्षा ऑनलाइन असेल तर मध्येच नेट गेल्यावर काय करायचं, हे आधीच लेखी विचारून घे.