वाचकांचे प्रश्न : पहिला गुन्हा आणि परिवीक्षा

प्रश्न : माझा पुतण्या २० वर्षांचा आहे. वाईट संगतीत त्याने १४ हजार रुपयांचा मोबाइल चोरला. मोबाइल मालकाला परत मिळाला आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२)खाली खटला सुरू आहे. यापूर्वी त्याच्यावर कोणताही गुन्हा नाही. नव्या कायद्यानुसार त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा होऊ शकेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : समाजसेवेची आशा धरू नये. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या संहितेत ही शिक्षा आली हे खरे. परंतु चोरीच्या बाबतीत मालाची किंमत ५ हजार रुपयांहून कमी असावी, गुन्हा पहिलाच असावा आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असावी, अशा तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. येथे किंमतच आड येते.

आपल्या पुतण्यासाठी उपयोगाचा कायदा जुनाच आहे : अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. परिवीक्षा (प्रोबेशन) म्हणजे दोषी व्यक्तीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडणे. त्याच्या कलम ६ नुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती २१ वर्षांखालील असेल, तर तिला कैदेची शिक्षा देणे का आवश्यक आहे याची कारणे नोंदवल्याशिवाय न्यायालय तशी शिक्षा देऊ शकत नाही, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवणे न्यायालयावर बंधनकारक असते. मात्र हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे, तर खालचे न्यायालय शिक्षेचा विचार करते त्या दिवशीचे धरतात. खटला लांबून पुतण्याला २१ पूर्ण झाली, तर कलम ६ चे संरक्षण जाईल. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सुटण्याचा मार्ग उरेल, पण तो पूर्णपणे न्यायालयाच्या मर्जीवर असेल. म्हणून तारखा पुढे ढकलण्यात फायदा आहे असे कोणी सांगितले, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

परिवीक्षा अधिकारी घरी येतो, शिक्षण, कामधंदा, संगत आणि कुटुंबाची लक्ष ठेवण्याची तयारी यांची चौकशी करतो. आपल्याकडे त्याला पोलिसांचाच माणूस समजून कुटुंबे गप्प बसतात, आणि मग त्या कोऱ्या अहवालाचा मुलाला काहीच उपयोग होत नाही. त्याला मोकळेपणाने सर्व सांगावे; पुतण्याला काम देण्यास कोणी तयार असेल, तर तसे पत्र आधीच मिळवून ठेवावे. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचे असते, त्यासोबत देखरेखीचा आदेशही होऊ शकतो आणि अटी मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा समोर येते.

नोकरीचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच. परिवीक्षेवर सुटल्यास याच अधिनियमाच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी कायदेशीर अपात्रता टळते. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही. अर्जात विचारल्यास ती लपवू नये. तसेच परिवीक्षा मिळेल या भरवशावर, वकिलाशी बोलल्याशिवाय गुन्हा कबूल करू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

प्रश्न : माझे यजमान येरवडा कारागृहात शिक्षा भोगत आहेत. संचित रजा आणि अभिवचन रजा यांत काय फरक आहे? मुलीच्या शिक्षणासाठी त्यांना कर्ज मिळू शकते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : संचित रजा (फर्लो) वर्तणुकीच्या बळावर मिळते, तिला खास कारण लागत नाही आणि तो काळ शिक्षेत मोजला जातो. अभिवचन रजेला (पॅरोलला) आजारपणासारखे ठोस कारण लागते व तो काळ शिक्षेत धरला जात नाही. दोन्हींत उशिरा परतणे महागात पडते, त्यामुळे परतीची तारीख घरातल्यांनीही लक्षात ठेवावी.

कर्जाबाबत, राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना येरवड्यातच २०२२ साली सुरू झाली. तीत कैद्याच्या कारागृहातील कमाईच्या आधारे ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज सात टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. सध्याच्या अटींची चौकशी यजमानांनी कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्जाने करावी. काम करणाऱ्या कैद्याच्या मजुरीला घराशी जोडणारी ही योजना मला अनेक प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते.