"आई, त्यात तंबाखू नसतीय"

प्रश्न : डॉक्टर, पोरगं सतरा वर्षांचं, पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला. कपडे धुताना खिशात पुड्या गावल्या, विचारलं तर म्हणतोय आई नुसती सुपारी हाय, त्यात तंबाखू नसतीय. आमच्यात सासूबाई मिसरी लावतात, सासरे तंबाखूच्या वखारीत कामाला होते, त्यामुळं घरात कुणाला काय वाटत नाही. पण महिनाभर झालं आमटी झोंबते म्हणून ताट सरकवतोय, भाकरी बारीक कुस्करून खातोय. ह्यांना सांगितलं तर मारतील. काय करू?
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, पुडीपेक्षा मला त्या सरकवलेल्या ताटाची काळजी वाटली. आज एक करा, त्याला त्याचीच मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर ह्याच आठवड्यात डेंटिस्टला दाखवा. तिखट झोंबणं, गाल आतून पांढरट नि ताठ होणं, तोंड कमी उघडणं ही सबम्युकस फायब्रोसिसची, म्हणजे तोंडातलं अस्तर आवळून ताठ होण्याच्या आजाराची लक्षणं, आणि तो होतो मुख्यतः सुपारीनंच, तंबाखू असो नसो. पोरगं खोटं बोलत नसेलही, पण त्यानं काय फरक पडत नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच सुपारीला तंबाखूच्या पंगतीत, म्हणजे कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात बसवलंय.

माझ्याकडं मागं असाच एक कॉलेजचा पोरगा आला होता, तपासायचा आरसा आत जाईना, घरी बाळाच्या चमच्यानं आमटीभात खायचा. एकदा आवळलेला गाल पूर्ववत होत नाही हो. लवकर सोडलं तर वाढ थांबायची आशा असते, व्यायाम-इंजेक्शननं तोंड थोडं मोकळं होतं, पण पुढं कॅन्सरची भीती राहतेच म्हणून तपासणी चालू ठेवायची.

कायद्याचं म्हणाल तर गुटखा कर्नाटकात २०१३ पासून बंद. मग टपरीवाला पानमसाल्याची पुडी वेगळी देतो, तंबाखूची वेगळी, पोरं दोन्ही एकत्र ओतून मळतात, झाला गुटखा! कॉलेजपासून १०० मीटरांत तंबाखू विकायची नाही, आता तर आपल्याकडं २१ च्या आतल्याला द्यायचीच नाही. पण नुसती सुपारी ह्या कायद्यात बसतच नाही, आणि सुपारी पिकवण्यात आपलं राज्य देशात पहिलं, तेव्हा त्या बाजूनं फार आशा धरू नका.

मारून काय होणार, घरात खात होता तो स्टँडच्या मागं जाऊन खाईल. त्यापेक्षा तलफ कधी येते ते विचारा, जेवल्यावर का मित्रांबरोबर, त्या वेळेला बडीशेप, लवंग काहीतरी हाताशी ठेवा. तंबाखूपण निघाली तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे, पोरालाच बोलू दे. आणि सासूबाईंची मिसरी आधी पोरासमोरनं उचला, ती काय दंतमंजन नव्हे.

प्रश्न : भाऊ १९ वर्षांचा, लहानपणापासून एक पाय अधू. मावशीकडं कोल्हापूरला असताना अपंगत्वाचा दाखला काढला, ५० टक्के. इथं एका काउंटरवर "महाराष्ट्राचा चालत नाही" म्हणून परत पाठवलं. खरं का?
— खानापूर (बेळगाव)

उत्तर : नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ५८, त्यात सरळ लिहिलंय की दाखला देशभर चालतो. ४० टक्क्यांच्या वर असल्यामुळं सरकारी आणि अनुदानित कॉलेजात डिग्रीच्या ५ टक्के राखीव जागांत तो बसतो, वयातपण पाच वर्षांची सूट. पेन्शनचं मात्र वेगळं, ती राज्याची योजना, तिथं इथल्या रहिवासाचे कागद मागणारच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, नसेल तर ऑनलाइन अर्ज करा. आणि पुढच्या वेळी कलमाची झेरॉक्स घेऊन जा, कन्नडमधली मिळाली तर उत्तम, आणि नाही म्हटले तर "तसं लिहून द्या" एवढंच म्हणा.