‘अनधिकृत दूतावास’ की ‘प्रतिनिधी कार्यालय’?

धरमपेठेतील एका वाचक भगिनींचा मुलगा उच्च शिक्षणासाठी तैवानला निघाला आहे. व्हिसाची कागदपत्रे दिल्लीच्या ‘ताइपे आर्थिक व सांस्कृतिक केंद्रा’कडे द्यायची आहेत, आणि एका मराठी बातमीत त्या केंद्राला ‘अनधिकृत दूतावास’ म्हटलेले वाचून त्या धास्तावल्या. हा शब्द बरोबर आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

शब्द चुकीचा आहे, आणि त्यांची धास्ती अगदी स्वाभाविक आहे. ‘अनधिकृत’ म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे अनधिकृत ले-आउट, सुधार प्रन्यासाची नोटीस आणि नियमितीकरणाच्या खेपा उभ्या राहतात. म्हणजे परवानगीवाचून केलेले काम. इंग्रजीतील ‘अनऑफिशियल’ला मात्र येथे ‘औपचारिक राजनैतिक दर्जा नसलेले’ एवढाच अर्थ आहे. भारताने 30 डिसेंबर 1949 रोजी चीनच्या जनता प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि तैवान हा आपलाच भाग असल्याचा चीनचा दावा आहे, त्यामुळे तैवानशी आपले औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. तरीही 1995 मध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीनेच तैवानच्या राजधानीत, ताइपेत, ‘इंडिया-ताइपे असोसिएशन’ आणि दिल्लीत हे केंद्र सुरू झाले. व्हिसा देणे, व्यापार वाढवणे, आपल्या नागरिकांना मदत करणे ही सारी कामे तेथे चालतात. फक्त दारावरच्या पाटीवर ‘दूतावास’ हा शब्द नसतो.

आणि ही पाटीच कळीची असते. अमेरिकेने 1979 मध्ये बीजिंगला मान्यता दिली तेव्हा तैवानमधील कामासाठी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान’ ही कायद्याने खासगी असलेली संस्था उभी केली. 2021 मध्ये लिथुआनियाची राजधानी विल्निअस येथे उघडलेल्या कार्यालयाच्या नावात नेहमीच्या ‘ताइपे’ऐवजी ‘तैवान’ आले, तेवढ्यावरून चीनने त्या देशाशी असलेल्या संबंधांचा दर्जा खाली आणला. नावातला एक शब्द जिथे इतका जड जातो, तिथे भाषांतर करणाऱ्याने सैलपणा करू नये, असे मला कळकळीने वाटते.

‘वकिलात’ चालेल का, असाही प्रश्न येईल. जुन्या अर्थाने पाहिले तर हा शब्द सुंदर बसतो, कारण पूर्वी वकील म्हणजे दरबाराचा प्रतिनिधी; आपल्या नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनिराम पंडित कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जकडे याच नात्याने राहत होते. पण आज ‘वकिलात’ आणि ‘दूतावास’ हे समानार्थी झाले असून दोन्हींत मान्यतेचा अर्थ गृहीत धरला जातो. म्हणून बातमीत किंवा लेखात ‘तैवानचे प्रतिनिधी कार्यालय’ असे लिहावे, आणि वाचकाला उलगडून सांगायचे असल्यास ‘वकिलातीची कामे करणारे’ हे शब्द जोडावेत. ‘अनौपचारिक दूतावास’ समजायला सोपे आहे, परंतु ते केंद्र जे नाही, तो ‘दूतावास’च त्यात नाव म्हणून उरतो. अर्जावर मात्र यांपैकी काहीच लिहू नये. तेथे केंद्राचे पूर्ण नाव जसेच्या तसे उतरवावे.