टोरांटोत नोकरी शोधणाऱ्या अभियंत्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुण्यात उड्डाणपुलांची कामे केलेल्या सिव्हिल इंजिनियरला टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टनमधल्या गोदामात रात्रपाळीला खोकी उचलावी लागतात, याचा सारा दोष तू स्वतःकडे घेतला आहेस, तो आधी काढून टाक. टोरांटो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी हजारो बनावट अर्ज पाठवून केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच असूनही भारतीय, पाकिस्तानी वा चिनी नावांच्या अर्जांपेक्षा इंग्रजी नावांच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी सुमारे ४० टक्के जास्त आली. म्हणून नाव बदल, असे सांगणारेही तुला भेटतील; मी सांगणार नाही.

तुझी गल्लत झाली आहे ती वेगळ्याच ठिकाणी. परदेशी पदव्या पारखणाऱ्या डब्ल्यूईएस या संस्थेचा जो अहवाल तू प्रत्येक अर्जाला जोडतोस, त्याने पदवी इथल्या पदवीच्या तोडीची ठरते, इंजिनियर म्हणून काम करण्याचा परवाना मिळत नाही. ऑन्टारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, तो प्रोफेशनल इंजिनियर्स ऑन्टारिओ ही संस्था देते, आणि वर्षभराच्या कॅनेडियन अनुभवाची तिची अट मे २०२३ मध्येच रद्द झाली. भारतातला अनुभव धरला जातो, मात्र तो कागदावर सिद्ध करावा लागतो: कोणत्या गर्डरचे डिझाइन तू केलेस, ते कोणी तपासले, साइटवर अडचण आल्यावर निर्णय कोणाचा होता, असे सगळे. ज्यांच्या हाताखाली काम केलेस, त्या साहेबांना आजच लिही. माणसे कंपन्या बदलतात, निवृत्त होतात, मग सहीसाठी शोधत बसावे लागते.

परवाना हाती येईपर्यंत स्वतःला इंजिनियर म्हणवता येणार नाही, पण एस्टिमेटर (खर्चाचा अंदाज काढणारा), कॅड टेक्निशियन (संगणकावर आराखडे काढणारा), साइट कोऑर्डिनेटर या जागांना तो लागत नाही, आणि तू तिकडे अर्जच करत नाहीस. ऑन्टारिओत पंचवीस वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना १ जानेवारी २०२६ पासून जाहिरातीत कॅनेडियन अनुभव मागण्यास कायद्याने मनाई आहे. अर्थात मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून ती अट लगेच जाईल, अशा भ्रमात राहू नकोस.

गोदाम तडकाफडकी सोडू नकोस, घरभाडे थांबत नाही. फक्त ओव्हरटाइम घेणे बंद कर. तू पीआर, म्हणजे कॅनडाचा कायम रहिवासी आहेस, तेव्हा नवागतांसाठीच्या सरकारी अनुदानित केंद्रांत रोजगार सल्ला तुला फुकट मिळतो. अनुभवाच्या नोंदींचा कच्चा मसुदा मला पाठव, वाचून खुणा करून देईन.

तुझा,
काका