नाताळ म्हणजे अंतरंगातला बदल, असं का म्हणतात?

देवपुत्राचा जन्म सतत होतच असतो, पण तो माझ्यात झाला नाही तर मला त्याचा काय उपयोग? हा प्रश्न डॉमिनिकन या कॅथलिक संघातले जर्मन संन्यासी माइस्टर एकहार्ट यांनी सुमारे 700 वर्षांपूर्वी नाताळच्या प्रवचनात मांडला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं. त्याचं मूळ बायबलातच आहे. ख्रिस्ताचं रूप तुमच्यात घडेपर्यंत मला पुन्हा प्रसूतिवेदना होत आहेत, असं आद्य ख्रिस्ती प्रचारक संत पौल गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहितो. वेदना हा शब्द त्याने उगाच वापरलेला नाही. आतला बदल सुखासुखी होत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, बाळाला गव्हाणीत ठेवतात, कारण उतारशाळेत जागा नसते. मला ही ओळ फार लागते. मन असंच गच्च भरलेलं असतं, रागाने, हिशेबाने, जुन्या अपमानांनी. म्हणून सणाआधी आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार असतात: धर्मगुरूंची जांभळी वस्त्रं, पापकबुली, प्रार्थना. दिवे आणि केक नंतर.

काही कॅथलिक घरांत एक साधी रीत आहे. गव्हाणी आधी रिकामी मांडतात. मुलाने कुणाला मदत केली, भांडण मिटवलं, की त्याने एक काडी गवत त्यात टाकायची. बाळाची मूर्ती 24 डिसेंबरच्या रात्रीच ठेवतात. तोवर जेवढं गवत जमलं असेल, तेवढंच त्याचं अंथरूण.