इटलीची सोळा दिवसांची सहल: व्हिसाआधी किती पैसे अडकवायचे?

प्रश्न: मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. वय ५५, निवृत्तीला तीन वर्षं बाकी, पगार हातात ७२,०००. मिस्टर ६१ वर्षांचे, निवृत्त, पेन्शन ३८,०००. घरखर्च ५५,०००, एसआयपी २५,०००, उरतात साधारण ३०,०००. एफडी ९ लाखांच्या, त्यातली ४ लाखांची फेब्रुवारीअखेर सुटते. म्युच्युअल फंडात ३१ लाख, पीपीएफमध्ये ११ लाख. कर्ज नाही, मुलगी नोकरीला लागली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांना ट्रेनने, दगदग न करता, १६ दिवस इटली करायची आहे: रोम, नेपल्स, फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, व्हेनिस, मिलान. टूर कंपनी ८ दिवसांचे माणशी २ लाख ८५ हजार सांगते. स्वतः गेलो तर स्वस्त पडेल का? युरेल पास (युरोपातल्या ट्रेनचा एकत्रित पास) घ्यावा का? विमानाची परतावा नसलेली तिकिटं आज स्वस्त दिसताहेत, ती घेऊन टाकावीत का? भाचा म्हणतो, एफडीला हात लावू नका, पर्सनल लोन काढा. (ठाणे)

उत्तर: ताई, तुम्ही जरूर जा. पण विमानाची तिकिटं आज घेऊ नका, लोन काढू नका आणि सातपैकी तीन शहरं मुक्कामाच्या यादीतून काढा.

आधी खर्च मांडू. १ युरो म्हणजे ११० रुपये धरतो. भाव थोडा चढाच धरलेला बरा, कारण तुमचे बरेचसे युरो एप्रिल-मेमध्ये खर्च होणार आहेत. मुक्काम असे: रोममध्ये पाच रात्री, फ्लॉरेन्समध्ये पाच, व्हेनिसमध्ये तीन आणि शेवटची रात्र मिलानला. मुंबई-रोम जाणं आणि मिलान-मुंबई येणं अशी विमानाची दोन तिकिटं १ लाख ३० हजार. व्हिसाचं शुल्क माणशी ९० युरो. ते धरून सेवाशुल्क, फोटो, कुरिअर आणि प्रवासविमा मिळून दोघांचे ३१,०००. साध्या, स्वच्छ तीन तारांकित हॉटेलच्या चौदा रात्री सुमारे १,८९५ युरो, म्हणजे २ लाख ८ हजार. हॉटेलच्या काउंटरवर वेगळा घेतला जाणारा शहरकर १६,५००. रोममध्ये तीन तारांकितला तो माणशी, दर रात्री ६ युरो असतो आणि बुकिंगच्या आकड्यात बहुतेक वेळा धरलेला नसतो. सगळ्या ट्रेन मिळून ४०,०००. शहरांतल्या बस, बोटी, टॅक्सी २५,०००. म्युझियम वगैरेंची तिकिटं २७,५००. जेवणखाण माणशी रोज ३५ युरोंनी १ लाख १५ हजार ५००. सिमकार्ड, औषधं, किरकोळ खरेदी २०,०००. बेरीज ६ लाख १३ हजार ५००. त्यावर ५०,००० राखीव ठेवा. तुमचा आकडा ६ लाख ६५ हजार.

टूरचे ५ लाख ७० हजार. तेव्हा 'स्वतः गेलं की स्वस्त' हे एकूण रकमेत खरं नाही. दिवसाला पाहिलं तर टूरमध्ये दोघांचे ७१,००० पडतात आणि तुमच्या बेतात साडेएकेचाळीस हजार. टूरच्या आकड्यात ५ टक्के जीएसटी, व्हिसा, टिपा धरल्या आहेत का, तेही विचारा. जीएसटी बाहेर असेल तर २८,५०० तिथेच वाढले. टीसीएसला, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतल्या जाणाऱ्या प्राप्तिकराला, घाबरायचं कारण नाही. परदेशी टूर पॅकेजवर तो १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्के आहे, रिटर्न भरताना वळता होतो. स्वतः फॉरेक्स घेतलंत तर आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंत टीसीएस लागतच नाही.

टूरचं एक मात्र मान्य करायला हवं. सामान उचलायला, व्हिसाची फाइल लावायला, तब्येत बिघडली तर धावायला माणूस असतो. मिस्टरांना गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण तुमची अट 'दगदग नको' ही आहे, आणि आठ दिवसांच्या टूरमध्ये सकाळी सातला बॅगा लॉबीत आणाव्या लागतात.

आता युरेल पास. सगळ्या ट्रेनचा खर्च एकूण रकमेच्या सहा टक्के आहे. पासबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून मुद्दाम सांगतो. तुमचे लांबचे प्रवास तीनच: रोम-फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स-व्हेनिस सव्वादोन तास, व्हेनिस-मिलान अडीच तास. वेळेवर घेतली तर ही तिकिटं सरासरी माणशी ३० युरोंच्या आसपास मिळतात. पास असला तरी फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाडीत आसन आरक्षण सक्तीचं असतं आणि त्याचे दर प्रवासाला माणशी दहा-तेरा युरो वर मोजावे लागतात. म्हणजे तिकिटाच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त आरक्षणातच जातं. दुसरी वेगवान कंपनी इतालो हा पास घेतच नाही. रोज गाडी बदलणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तो परवडतो, तुम्हाला नाही.

तिकिटाचा प्रकार मात्र नीट पाहा. त्रेनितालिया या सरकारी रेल्वे कंपनीच्या वेगवान गाड्यांना तीन भाव असतात. 'बाझे' सगळ्यात महाग, पण बदलता येतं आणि वीस टक्के कापून पैसे परत मिळतात. 'इकॉनॉमी'त परतावा नाही, पण गाडी सुटण्याआधी फरक भरून वेळ बदलता येते. 'सुपर इकॉनॉमी' स्वस्त, पण ना बदल ना परतावा. 'रेजोनाले' म्हणजे आपल्या पॅसेंजरसारख्या गाड्यांचा भाव मात्र ठरलेला असतो. दोन महिने आधी घ्या किंवा दहा मिनिटं आधी, तेवढाच. त्यामुळे फ्लॉरेन्सहून पिसा-लुक्का किंवा सिएनाची तिकिटं ठाण्यात बसून काढायची गरज नाही. फक्त कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. ते विसरलं की तिकीट असूनही दंड होतो, आणि पर्यटक असल्याची सबब तपासनीस ऐकत नाही. स्टेशनचं पूर्ण नावही पाहा: फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला, व्हेनिसचं सांता लुचिया, मिलानचं चेंत्राले. व्हेनिसच्या आधी मेस्त्रे येतं, ते बेटाबाहेर आहे.

शहरं का कमी करायची? हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडायचं आणि दुसरं दुपारी तीनला मिळायचं, यात अर्धा दिवस जातो. दोन टॅक्सी आणि सामान ठेवण्याचे पैसे मिळून ४०-५० युरो जातात. म्हणजे प्रत्येक जादा मुक्काम ५,००० रुपये आणि अर्धा दिवस खातो. बोलोन्या फ्लॉरेन्सहून वेगवान गाडीने चाळीस मिनिटांवर आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. पिसाही तसंच. नेपल्स रोमहून सव्वा तासावर असलं तरी जवळच्या पाँपेईच्या प्राचीन अवशेषांसह एका दिवसात बसवायचं तर ती दगदगच. ते सरळ सोडा.

व्हेनिसला बऱ्याच जणांप्रमाणे मेस्त्रेत राहायचा मोह होईल. रात्रीला ५० युरो वाचले तर तीन रात्रींचे १६,५०० होतात, आणि ट्रेन दहा मिनिटांची आहे. तरीही मी बेटावर, सांता लुचियाच्या जवळपास राहायला सांगेन. व्हेनिस बघायचं ते सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर. ७२ तासांचा बोटीचा पास ४५ युरोंना आहे. एका फेरीला साडेनऊ युरो पडतात, त्यामुळे पाच फेऱ्यांत तो वसूल होतो. दिवसभरासाठी येणाऱ्यांना काही ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क आहे. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे, पण त्या तारखा आल्या तर माफीची नोंद आधी ऑनलाइन करून ठेवा.

तारखांचं गणित तुमच्या बाजूने आहे. १ मेचं झेंडावंदन आणि निकाल उरकल्याशिवाय तुम्हाला निघता येणार नाही, आणि इटलीत २५ एप्रिल आणि १ मे या दोन राष्ट्रीय सुट्ट्यांना जोडून लोक फिरायला बाहेर पडतात. ३ मेला निघालात तर ती गर्दी टळते.

आता खरा प्रश्न. स्वस्त गोष्टी सगळ्या परतावा नसलेल्या असतात आणि व्हिसा हातात नसतो. नकार आला किंवा तारीख उशिरा मिळाली तर हे पैसे बुडतात, आणि प्रवासविमा सहसा व्हिसा नाकारल्याचे पैसे देत नाही. विमानाच्या तिकिटात माणशी सात-आठ हजार वाचवण्यासाठी १ लाख ३० हजार टांगणीला लावायचे, हा सौदा मला पटत नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, म्हणजे ३ मेसाठी नोव्हेंबरपासून. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीसपर्यंत लागतात. तुम्ही जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज करा. अर्जाला विमानाचं नुसतं आरक्षण, मोफत रद्द होणारी हॉटेलं, ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा, दोघांचे रिटर्न आणि बँक स्टेटमेंट, आणि तुमच्या शाळेचं ना हरकत पत्र व रजामंजुरी जोडा. ते पत्र डिसेंबरमध्येच मागा. कागद मुख्याध्यापकांकडून संस्थेकडे जाऊन परत यायला वेळ लागतो. अर्जाच्या आठवड्यात मुलीकडून दोन-तीन लाख खात्यात फिरवून घेऊ नका. अचानक आलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यात भरते. तुमच्या एफडीच्या पावत्या पुरेशा बोलक्या आहेत.

व्हिसा आला की फेब्रुवारीत विमान, आणि त्याच आठवड्यात तीन ट्रेन. पहिल्या दोन 'सुपर इकॉनॉमी'त चालतील, व्हेनिस-मिलान 'इकॉनॉमी'त घ्या. हॉटेलं रद्द होणारीच राहू द्या, भाव दहा टक्के जास्त असला तरी. एकसष्टाव्या वर्षी ही लवचीकता वीस हजारांना महाग नाही. कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात आणि ती नावाची असतात, त्यामुळे पासपोर्टवरचंच नाव टाका.

मिलानची ती एक रात्र शहर बघायला नाही, संपासाठी आहे. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होऊन होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. लांबच्या काही गाड्यांचीही हमी यादी असते. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी व्हेनिसहून निघाल, तर एका संपात परतीचं तिकीट जाईल. साध्या उशिराचंही लक्षात ठेवा: एक तास झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तास झाले तर ५० टक्के भरपाई मागता येते.

पैसे कुठून? ऑगस्ट ते एप्रिल नऊ महिन्यांची शिल्लक २ लाख ७० हजार आणि सुटणारी एफडी ४ लाख, एकूण ६ लाख ७० हजार. आकडा नेमका बसतो आणि पैसे लागतील त्याच क्रमाने हाती येतात. जानेवारीअखेर जमलेल्या १ लाख ८० हजारांत व्हिसा, विमा आणि विमान भागतं. उरलेलं एफडी सुटल्यावर. एफडी मोडायची नाही, एसआयपी थांबवायची नाही. भाच्याच्या लोनचा हिशोब असा: ६ लाख, १२ टक्के, दोन वर्षं, हप्ता सुमारे २८,२५०, व्याज जवळपास ७८,०००. प्रोसेसिंग फी २ टक्के आणि तिच्यावर जीएसटी धरला तर ९२,०००. सुटणारी एफडी त्याच्या निम्म्याने व्याज देत असताना हे कशासाठी? फंडही विकू नका. सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहेच, शिवाय तो पैसा तीन वर्षांनी पगार थांबल्यावर लागणार आहे.

युरो एकदम न घेता मार्च आणि एप्रिलमध्ये दोन भागांत फॉरेक्स कार्डावर भरा. बँकेच्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४.१३ टक्के जातात. ३ लाखांच्या खर्चावर १२,४००. दुकानातलं मशीन 'रुपयांत की युरोत' विचारेल तेव्हा युरोच निवडा, रुपयांचा भाव दुकानाच्या बँकेचा असतो. जेवायच्या हॉटेलात बऱ्याचदा माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' (टेबलावर बसण्याचा आकार) लागतो, ती फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरला उभं राहून घेतली तर स्वस्त, टेबलावर बसून तिप्पटही होते.

सहलीनंतर ५ लाखांची एफडी उरते, म्हणजे नऊ महिन्यांचा घरखर्च. तुमच्या वयाला ते मला पुरेसं वाटतं, पण एका अटीवर. पत्रात आरोग्यविम्याचा उल्लेखच नाही. मिस्टरांच्या नावावर निदान १० लाखांची मेडिक्लेम नसेल तर आधी तिचा प्रस्ताव भरा, आणि तिचा पहिला हप्ता भरून तीस हजारांच्या शिल्लकीत काय उरतं ते पाहून सहल पक्की करा. ही मेडिक्लेम सहसा परदेशात चालत नाही, तसाच प्रवासविमा इथे चालत नाही, म्हणून दोन्ही लागतील. दोन्ही फॉर्मवर बीपी, शुगर जे असेल ते लिहा. न लिहिलेल्या आजाराचा दावा फेटाळला, तर रोमच्या रुग्णालयाचं बिल याच ५ लाखांतून भरावं लागेल.