इतका व्यायाम अंगाशी येईल का?

"खरं सांगा मॅडम, या पळण्यानं माझं हृदय आतून खराब होत असेल का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मॅरेथॉनची तयारी, आठवड्यातून दोनदा दम काढणारे इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू, असं आलटून पालटून पळणं), रविवारी लांब पल्ला असा त्यांचा क्रम. अति पळणाऱ्यांच्या हृदयावर व्रण पडतात, असं एका व्हिडिओत ऐकलं आणि झोप उडाली. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. हृदयरोगतज्ज्ञांनी पळायला हरकत नाही म्हणून सांगितलेलं. तरी बोलता बोलता दोन बोटं सारखी मनगटावर जात होती. घड्याळात दिसणारी विश्रांतीची नाडी ४८, हाच त्यांच्या लेखी पुरावा.

अशा माणसाला 'काही होत नाही हो' म्हणण्यात अर्थ नसतो. घरच्यांनी ते शंभरदा म्हणून झालेलं असतं. म्हणून मी नको असलेली माहितीही समोर ठेवते. वर्षानुवर्षं सराव करणाऱ्याचं हृदय थोडं मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून नाडी मंदावते. त्यांच्या बाबतीत हेच असल्याचं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. मॅरेथॉननंतर रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूवरचा ताण दाखवणारं प्रथिन, वाढतं, पण सहसा काही दिवसांत खाली येतं. मात्र स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट या स्की शर्यतीतल्या स्पर्धकांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त शर्यती पूर्ण केलेल्यांत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचं प्रमाण अधिक आढळलं. हे लपवण्यासारखं नाही. त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास टूर द फ्रान्समध्ये १९४७ ते २०१२ या काळात उतरलेल्या फ्रेंच सायकलपटूंचा. त्यांचा मृत्युदर सर्वसाधारण फ्रेंच पुरुषांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होता. गुडघ्यांचंही तसंच: २०१७ च्या एका विश्लेषणात हौशी धावपटूंपैकी साधारण ३.५ टक्क्यांना गुडघ्याची किंवा खुब्याची झीज होती, न पळणाऱ्यांत १०.२ टक्क्यांना, स्पर्धात्मक धावपटूंत मात्र १३.३.

आकडे ऐकून ते जरा सैलावले. मग मी विचारलं, "शेवटची सुट्टी कधी घेतलीत, पळण्याची?"

उत्तर लवकर येईना. "गेल्या महिन्यात ताप होता," ते म्हणाले, "पण त्या दिवशी फक्त आठच किलोमीटर केलं."

माझ्या मते त्यांची खरी अडचण इथं होती. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्या अवस्थेत जोराचा व्यायाम धोक्याचा असतो. म्हणजे ज्या हृदयाच्या काळजीनं झोप येत नव्हती, त्यालाच हे तापात पळवत होते. विश्रांती न मिळाली, खाणं खर्चाला पुरेसं नसलं, की तक्रारी सुरू होतात: झोप बिघडते, चिडचिड होते, वेग घटतो, हाडांना बारीक चिरा पडतात, बायकांची पाळी बंद होते. ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या उपासमारीला रेड-एस, म्हणजे खेळाडूंमधली ऊर्जेची तूट, असं नाव दिलं. नुसत्या जोराच्या व्यायामापेक्षा मला अपुरी विश्रांती आणि अपुरं खाणं ही जोडगोळी जास्त घातक वाटते.

आठवड्यातून एक दिवस पळायचं नाही, घड्याळ कपाटात, आणि त्या दिवशी मनात येईल ते लिहायचं, असं ठरलं. पहिल्या कागदावर हृदयाचा उल्लेखच नव्हता. 'आज थांबलो तर परत तोच जाडा होईन', एवढंच वाक्य, खाली दोनदा रेघ मारलेली. कधीकाळी त्यांचं वजन ९६ किलो होतं आणि त्यावरून नातेवाइकांत झालेली थट्टा त्यांना शब्दन् शब्द पाठ होती. पुढच्या बैठका आम्ही त्या थट्टेवर घालवल्या. हृदयाचा विषय क्वचितच निघाला.

तपासण्या ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडे, तो माझा प्रांत नाही. त्यांना मी एक यादी मात्र लिहून दिली: पळताना छातीवर दाब आला, चक्कर येऊन पडायला झालं, ठोके वेडेवाकडे पडले किंवा दमणुकीनंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर थांबायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. यातलं काही नसेल तर मनगट दिवसातून एकदाच तपासायचं, सकाळी उठल्यावर. ते अजून पळतात. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत चिडचिड होते अशी तक्रार आहे, आणि ती ते बायकोसमोरही बोलून दाखवतात.